आडतीचे सॉफ्टवेअर विकताना ओपन सोर्स परवान्यांच्या अटी कशा पाळाव्यात

मराठवाड्यातल्या मोठ्या मोंढ्यांत आता आडत दुकानाच्या गादीशेजारी संगणक दिसतो. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढतो, वजन थेट पडद्यावर येते, हमाली आणि तोलाई वजा होते आणि पट्टी छापून बाहेर पडते. हे सॉफ्टवेअर बहुधा छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडमधल्या चार-पाच जणांच्या कार्यालयात तयार झालेले असते. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, ग्राहकाला दिला जात नाही, आणि तरीही त्यातला बराच मोठा भाग त्या चार-पाच जणांनी लिहिलेला नसतो. काट्याकडून वजन वाचणारी लायब्ररी (तयार कोडचा संच), डेटाबेस, पडद्यावरच्या खिडक्या, पट्टीचा देवनागरी फॉन्ट हे सारे जगभरातल्या लोकांनी लिहून खुले ठेवलेले असते. ते फुकट मिळते, पण बेवारस नसते. प्रत्येक तुकड्याचा कोणी ना कोणी मालक आहे आणि त्याने आपल्याला काही अटींवर वापराची परवानगी दिलेली आहे.

या अटींविषयी आमच्या व्यवसायात दोन समज आढळतात. एका समजाप्रमाणे इंटरनेटवर उघड्यावर असलेले काहीही उचलावे, कोणी विचारत नाही. दुसऱ्या समजाप्रमाणे ओपन सोर्सला हात लावला की आपला सगळा कोड जगाला द्यावा लागतो. परवाना वाचला की दोन्ही समज गळून पडतात, कारण बहुतेक परवाने बंद सॉफ्टवेअरला आडकाठी करत नाहीत. ते आपल्याकडून काही कागदपत्रे, थोडी शिस्त आणि काही ठिकाणी विशिष्ट तांत्रिक रचना मागतात.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. आमच्या आडतीच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टीची पीडीएफ तयार करण्यासाठी पायमूपीडीएफ ही लायब्ररी आम्ही घेतली होती, कारण आमच्या हाती असलेल्या दुसऱ्या लायब्ररीत जोडाक्षरे फुटत होती आणि हिच्यात ती बरोबर उमटत होती. एका मोठ्या खरेदीदाराने व्यवहार पक्का करण्यापूर्वी सॉफ्टवेअरमधल्या सर्व घटकांची यादी परवान्यांसह मागितली, तेव्हा कळले की ती लायब्ररी एजीपीएल (सोर्स कोड खुला करायला लावणारा एक कडक परवाना) किंवा विकत घ्यायचा व्यावसायिक परवाना अशा दोनच मार्गांनी मिळते, आणि आमच्याकडे दोन्हीपैकी एकाचेही पालन नव्हते. ऐन सोयाबीनच्या आवकेच्या दिवसांत छपाईचा भाग पुन्हा लिहावा लागला. दोष सर्वस्वी आमचा होता. परवाना पहिल्याच दिवशी वाचला असता तर पाच मिनिटांत निर्णय झाला असता.

पहिला प्रश्न: प्रत कोणाच्या हाती जाते

परवान्यांच्या बहुतेक अटी आपण सॉफ्टवेअरची प्रत दुसऱ्याला देतो त्या क्षणी लागू होतात. त्यामुळे आपले सॉफ्टवेअर कोणत्या वाटेने बाहेर जाते हे प्रथम कागदावर लिहून काढावे. एखाद्या साखर कारखान्याच्या संगणक विभागाने स्वतःच्याच वापरासाठी लिहिलेली आणि बाहेर न जाणारी प्रणाली जीपीएल या कोड खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्याच्या लायब्ररीवर उभी असली तरी सोर्स कोड देण्याचा प्रश्न येत नाही. तीच प्रणाली दुसऱ्या कारखान्याला विकली, पेनड्राइव्हवर दिली किंवा उतरवून घेण्यासाठी दुवा पाठवला की वितरण झाले. पैसे घेतले की नाही याने फरक पडत नाही.

दोन वाटा नजरेतून सुटतात. सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालत असेल आणि ग्राहक फक्त ब्राउझरमधून वापरत असेल, तर सर्व्हरवरच्या कोडची प्रत कोणाला जात नाही. मात्र ब्राउझरमध्ये उतरणारी जावास्क्रिप्ट ही ग्राहकाच्या यंत्रावर गेलेली प्रतच असते आणि तिच्यातल्या लायब्ररींच्या अटी लागू राहतात. कोड दाबून लहान करणारी साधने टिपणांतली कॉपीराइटची ओळ काढून टाकू शकतात, म्हणून ती ओळ राखण्याची सोय त्या साधनात चालू आहे का ते पाहावे. दुसरी वाट यंत्रांची आहे. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये किंवा परभणीच्या जिनिंगमध्ये काट्याजवळ लहान लिनक्स संगणक असलेली पेटी आपण बसवतो, तेव्हा त्या पेटीतल्या मेमरी कार्डावर लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि बहुधा बिझीबॉक्स (लहान यंत्रांसाठीचा मूलभूत आज्ञांचा संच) असतो. हे दोन्ही जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहेत. पेटी दिली म्हणजे त्यांच्या प्रती दिल्या, आणि त्या नेमक्या आवृत्तीचा सोर्स कोड सोबत देणे किंवा किमान 3 वर्षे वैध असे लेखी आश्वासन देणे बंधनकारक झाले. कर्नलवर चालणारा आपला स्वतंत्र प्रोग्राम मात्र त्यामुळे खुला करावा लागत नाही.

परवान्यांची ओळख

एमआयटी आणि बीएसडी हे परवाने बंद सॉफ्टवेअरसाठी सर्वांत सोपे आहेत. कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत द्यावा, एवढीच मुख्य अट आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की सर्वाधिक मोडली जाणारी अटही हीच आहे. अपाची 2.0 हा जानेवारी 2004 चा परवाना याच जातीचा असला तरी तीन गोष्टी अधिक मागतो: लायब्ररीसोबत ‘नोटीस’ नावाची फाइल असेल तर तिच्यातली श्रेयाची नोंद पुढे न्यावी, बदललेल्या फाइलींवर बदल केल्याचे लिहावे, आणि त्या लायब्ररीवर पेटंटचा दावा लावल्यास पेटंटची परवानगी संपते हे लक्षात ठेवावे. एसक्यूलाइट हा डेटाबेस सार्वजनिक मालकीत सोडलेला असल्याने त्याला कोणतीच अट नाही.

एमपीएल 2.0 फाइलीच्या पातळीवर चालतो. त्या परवान्याखालच्या फाइलींत आपण बदल केला तर त्या फाइली खुल्या ठेवाव्या लागतात, आपल्या वेगळ्या फाइली बंद राहू शकतात, आणि बदल न करताही त्या घटकाचा सोर्स कोड कोठे मिळेल हे ग्राहकाला सांगावे लागते. एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य रूपाचा विचार पुढे सविस्तर करू, कारण खरे काम तेथे आहे. जीपीएलची लायब्ररी आपल्या प्रोग्राममध्ये जोडून ते एकत्रित काम दुसऱ्याला दिले, तर ते सारे जीपीएलखाली द्यावे लागते. म्हणून बंद सॉफ्टवेअर विकणाऱ्याने ती टाळावी किंवा मालकाकडून व्यावसायिक परवाना विकत घ्यावा. नोव्हेंबर 2007 मध्ये आलेला एजीपीएल आणखी एक पाऊल पुढे जातो: प्रोग्राममध्ये बदल करून तो नेटवर्कवरून वापरायला दिला, तरी वापरकर्त्यांना सोर्स कोड मिळण्याची सोय करावी लागते, त्यामुळे ‘आमचे तर सर्व्हरवर चालते’ ही पळवाट तेथे बंद होते.

ज्या कोडसोबत परवानाच नाही, तो सर्वांत खुला आहे असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो आणि मालकाने परवानगी दिलेली नसेल तर सर्व हक्क त्याच्याकडेच राहतात. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर दिसतो म्हणून तो कोड आपल्या विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये घालता येत नाही. लेखकाला नम्रपणे लिहून परवाना जोडण्याची विनंती करावी, अनेकदा ती मान्य होते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरच्या उत्तरांतला कोडही सीसी बाय-एसए या परवान्याखाली असतो, ज्यात श्रेय देणे आणि त्यापासून तयार केलेले काम त्याच अटींवर देणे अपेक्षित आहे. तेथून कल्पना समजून घ्यावी आणि कोड स्वतः लिहावा, असा नियम मी माझ्या सहकाऱ्यांना घालून दिला आहे.

यादी करताना

यादी आठवणीतून करू नये. जे पॅकेज ग्राहकाकडे जाणार आहे, त्याच्या स्वच्छ वातावरणात साधन चालवून यादी काढावी. पायथनसाठी पिप-लायसन्सेस, नोडसाठी लायसन्स-चेकर, गोसाठी गो-लायसन्सेस अशी लहान साधने आहेत, आणि फाइलींच्या आतला मजकूर तपासायचा असेल तर स्कॅनकोड किंवा फॉसॉलॉजी वापरता येते. यादीत घटकाचे नाव, नेमकी आवृत्ती, परवाना, तो आपण बदलला आहे का, आणि तो आपल्या प्रोग्रामशी कसा जोडला जातो, एवढे रकाने पुरेसे आहेत. परवान्यांची नावे एसपीडीएक्स या घटकांच्या नोंदीच्या मानकाने ठरवलेल्या छोट्या संकेतांनी लिहावीत, म्हणजे ‘जीपीएल’ एवढेच लिहून आवृत्ती गाळण्याची चूक होत नाही. ‘फक्त दुसरी आवृत्ती’ आणि ‘दुसरी किंवा पुढची’ यांत मोठा फरक आहे, कारण अपाची 2.0 चा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो आणि ‘फक्त दुसरी’शी जुळत नाही.

आपण एक लायब्ररी मागतो आणि तिच्या मागे पाच येतात, हे येथे ध्यानात ठेवावे. आमचे सॉफ्टवेअर बाजारभाव सर्व्हरवरून आणण्यासाठी रिक्वेस्ट्स ही पायथनची लायब्ररी वापरते. ती स्वतः अपाची 2.0 खाली आहे, पण तिच्यासोबत येणारी सर्टिफाय ही एमपीएल 2.0 खाली आहे, आणि जुन्या आवृत्त्यांसोबत चारडेट नावाची एलजीपीएल लायब्ररी येत असे. सॉफ्टवेअरमध्ये बांधून देणाऱ्यांना परवान्याबाबत संभ्रम राहू नये म्हणून जुलै 2021 च्या 2.26.0 या आवृत्तीत तिच्या जागी एमआयटी परवान्याची चारसेट-नॉर्मलायझर आणली गेली. म्हणजे त्याच नावाच्या लायब्ररीच्या दोन आवृत्त्यांमुळे आपली कर्तव्ये बदलतात. आवृत्ती बदलली की यादी पुन्हा काढावी.

साधनांची उत्तरे अंतिम समजू नयेत. आकडेमोडीच्या नमपाय या पायथन लायब्ररीच्या माहितीत बीएसडी परवाना दिसतो, आणि तिच्या कोडपुरते ते खरे आहे. परंतु पिप या पायथनच्या साधनातून उतरणाऱ्या तिच्या तयार बायनरीत (यंत्राला थेट चालवता येणाऱ्या फाइलीत) ओपनब्लास आणि जीसीसीची फोर्ट्रान रनटाइम लायब्ररी अशा आणखी गोष्टी बांधलेल्या असतात. त्यांपैकी रनटाइम लायब्ररीचा परवाना जीपीएल आहे, मात्र बंद प्रोग्रामसोबत देता यावी असा स्वतंत्र अपवाद त्याला जोडलेला आहे. ही माहिती पॅकेजमधल्या परवाना-फाइलीत लिहिलेली असते. ती फाइल उघडून वाचण्याला पर्याय नाही.

नावांच्या साम्याचाही धोका आहे. पायथनमधून क्यूटी या साधनसंचाच्या खिडक्या बांधण्यासाठी पायक्यूटी आणि पायसाइड या दोन लायब्ररी आहेत. दोघींचा वापर इतका सारखा आहे की अनेक प्रोग्राम किरकोळ बदलांनी एकीवरून दुसरीवर नेता येतात. मात्र पायक्यूटी जीपीएल किंवा व्यावसायिक परवान्याने मिळते, तर पायसाइड एलजीपीएलने मिळू शकते. शिकवणी वर्गात जी शिकवली ती पुढे तशीच विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये येते, आणि हा फरक कोणी सांगितलेला नसतो. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या बाबतीतही हेच आहे: त्याचा अधिकृत पायथन कनेक्टर (पायथनशी जोडणारी लायब्ररी) जीपीएलखाली आहे आणि ओपन सोर्स प्रोग्रामांसाठीचा त्या कनेक्टरचा अपवाद आपल्या बंद सॉफ्टवेअरला लागू होत नाही, तर पायमायएसक्यूएल ही लायब्ररी एमआयटी परवान्याखाली आहे.

एलजीपीएल: जेथे रचना बदलावी लागते

एलजीपीएलमागचा विचार समजला की त्याच्या अटी आपोआप सुसंगत वाटू लागतात. तुमचा कोड बंद ठेवा, पण आमची लायब्ररी ग्राहकाला बदलता आली पाहिजे आणि बदललेली लायब्ररी तुमच्या प्रोग्रामसोबत चालवून पाहता आली पाहिजे, असे तो परवाना म्हणतो. यातूनच डायनॅमिक लिंकिंगचा, म्हणजे प्रोग्राम चालताना लायब्ररी जोडण्याचा, आग्रह येतो. लायब्ररी वेगळ्या फाइलीत राहिली तर ग्राहक ती फाइल बदलू शकतो. लायब्ररी आपल्या बायनरीतच मिसळली असेल, तर पुन्हा जोडणी करता यावी म्हणून आपल्या कोडच्या ऑब्जेक्ट फाइली (जोडणीपूर्वीच्या संकलित फाइली) देण्याची तयारी ठेवावी लागते, जी सहसा कोणी ठेवत नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या खिडक्या पायसाइडवर आहेत आणि पॅकेज पायइन्स्टॉलरने तयार होते. पायइन्स्टॉलर स्वतः जीपीएलखाली असला तरी त्याने बांधलेला प्रोग्राम कोणत्याही परवान्याने देता येईल असा स्पष्ट अपवाद त्याच्या परवान्यात आहे. त्याच्या दोन पद्धतींपैकी सर्व काही एकाच फाइलीत कोंबणारी पद्धत आम्ही सोडून दिली आणि फोल्डरची पद्धत स्वीकारली, त्यामुळे क्यूटीच्या फाइली वेगळ्या आणि उघड दिसतात. मोंढ्यातल्या ग्राहकाला एकच फाइल सोयीची वाटते हे खरे आहे, पण इन्स्टॉलर दिल्यावर ती तक्रार राहत नाही. क्यूटीचे सर्वच भाग एलजीपीएलखाली नाहीत, हे येथे विशेष सांगितले पाहिजे. क्यूटी चार्ट्स हा आलेखांचा भाग जीपीएल किंवा व्यावसायिक परवान्याने मिळतो, आणि पायसाइडचे पूर्ण पॅकेज उतरवले की तो नकळत यंत्रावर येतो. म्हणून आम्ही फक्त ‘इसेन्शियल्स’ हे पॅकेज घेतो, भावाचे आलेख मॅटप्लॉटलिबने काढतो, आणि ज्या पीडीएफने आम्हाला अडचणीत आणले होते ती आता क्यूटीच्याच छपाईच्या सोयीने तयार होते, ज्यात जोडाक्षरेही नीट उमटतात.

रचनेनंतर कागदपत्रे येतात. एलजीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली लायब्ररी वापरल्याची ठळक सूचना द्यावी, एलजीपीएल आणि जीपीएल या दोन्हींचा पूर्ण मजकूर सोबत ठेवावा, आणि आपला प्रोग्राम चालताना स्वतःचा कॉपीराइट दाखवत असेल तर तेथेच लायब्ररीचाही दाखवावा. लायब्ररीच्या बायनरीसोबत तिच्या सोर्स कोडची सोयही आपल्यालाच करावी लागते. मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळाचा दुवा चालू शकतो, परंतु तो दुवा उद्या बंद पडला तरी जबाबदारी आपली राहते, म्हणून दिलेल्या प्रत्येक आवृत्तीचा सोर्स कोड आम्ही स्वतःच्या साठ्यात जपतो.

ज्या ठिकाणी बहुतेकांचे लक्ष जात नाही ते म्हणजे ग्राहकाशी केलेला करार. कोठून तरी नकलून आणलेल्या करारात ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग करण्यास सक्त मनाई’, म्हणजे प्रोग्राम उलगडून तो कसा चालतो हे शोधण्यास मनाई, असे कलम असते. एलजीपीएल सांगतो की लायब्ररीत केलेले बदल तपासण्यापुरते रिव्हर्स इंजिनिअरिंग अडवता येणार नाही. त्यामुळे त्या कलमानंतर एक वाक्य जोडावे: ‘या सॉफ्टवेअरमधील ओपन सोर्स घटकांच्या परवान्यांनी दिलेल्या हक्कांना वरील मनाई लागू होणार नाही, त्या घटकांपुरते त्यांचे परवाने या करारापेक्षा वरचढ राहतील.’ आमच्या करारात हे वाक्य आहे आणि आजवर एकाही आडत्याने त्याला हरकत घेतलेली नाही.

ग्राहकाच्या हाती काय जावे

इन्स्टॉलरसोबत ‘परवाने’ नावाचा एक फोल्डर जावा. त्यात प्रत्येक घटकाच्या नावाने त्याचा मूळ परवाना, कॉपीराइटच्या ओळी आणि असल्यास नोटीस फाइल असावी. परवान्याचा मजकूर भाषांतरित करून देऊ नये, तो मूळ भाषेतच द्यावा. मराठीत स्पष्टीकरण लिहायचे असेल तर वेगळ्या फाइलीत लिहावे. सॉफ्टवेअरविषयी माहिती देणाऱ्या खिडकीत या फोल्डरचा दुवा असावा. हा फोल्डर हाताने भरू नये, पॅकेज बांधणाऱ्या स्क्रिप्टनेच भरावा, आणि यादीत नसलेला परवाना आढळला तर स्क्रिप्टने तेथेच थांबावे. ही एक सवय लागली की पुढची बरीच चिंता मिटते.

फॉन्टचा परवाना आमच्या भागात सर्वांत दुर्लक्षित राहतो. डीटीपीच्या दुकानांतून हातोहात फिरणारे जुने मराठी फॉन्ट बहुधा कोणाची तरी विक्रीची मालमत्ता असतात आणि ते सॉफ्टवेअरमध्ये घालून देणे हा सरळ भंग आहे. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी यांसारखे फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली मिळतात. विक्रीच्या सॉफ्टवेअरसोबत ते देता येतात. फक्त फॉन्ट सुटा विकता येत नाही, परवाना सोबत ठेवावा लागतो, आणि मूळ नाव राखीव असेल तर फॉन्टमध्ये बदल करून तेच नाव वापरता येत नाही.

घटकांची यादी आता खरेदीदारही मागू लागले आहेत. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतली सुरक्षेची मोठी त्रुटी उघड झाली, तेव्हा ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे की नाही हेच अनेकांना सांगता येईना. सर्ट-इन या आपल्या देशाच्या सायबर सुरक्षा संस्थेने 2024 मध्ये अशा यादीबाबत तांत्रिक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. परवान्यांसाठी केलेली यादी सुरक्षेसाठीही उपयोगी पडते.

चूक सापडली तर

जुन्या ग्राहकांकडे गेलेल्या आवृत्तीत भंग झाल्याचे लक्षात आले, तर प्रथम नव्या प्रती देणे थांबवावे. राहिलेली कागदपत्रे पाठवण्याने बहुतेक एमआयटी, बीएसडी आणि अपाची प्रकरणे सुधारतात. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत भंग होताच परवाना आपोआप संपतो. 2007 च्या तिसऱ्या आवृत्तीने मात्र दुरुस्तीला जागा दिली आहे, आणि पहिल्यांदाच चूक झालेली असेल व मालकाची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत ती सुधारली, तर परवाना कायमचा पूर्ववत होतो. मालकाचे पत्र आले तर ते दडपू नये, उत्तर द्यावे, आणि रक्कम किंवा ग्राहकसंख्या मोठी असेल तर या विषयातल्या वकिलाचा सल्ला घ्यावा. परवान्याच्या अटी केवळ सदिच्छा नाहीत हे अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने 2008 मध्ये जेकबसन विरुद्ध कॅटझर या खटल्यात स्पष्ट केले. प्रतिकृती रेल्वेगाड्या चालवणाऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरवरून तो वाद उभा राहिला होता, आणि अट मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो असे न्यायालयाने म्हटले. आपल्याकडे कॉपीराइटच्या जाणीवपूर्वक भंगासाठी 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड अशी तरतूद कायद्याच्या कलम 63 मध्ये आहे.

आमच्याकडे आता नवी आवृत्ती बसवायला जाणाऱ्या मुलाच्या कामांत एक ओळ वाढवलेली आहे. काटा जोडला, वजन आले, चाचणीची पट्टी छापली की त्याने माहितीची खिडकी उघडायची, ‘परवाने’वर टिचकी मारायची आणि फोल्डर खरोखर उघडतो का ते त्या दुकानाच्या संगणकावर पाहायचे. तो उघडला नाही तर बसवणी अपुरी समजून त्याने कार्यालयात फोन करायचा.